पानावर बंदी की रेणूवर? अमेरिकेतल्या राज्यांचे क्रेटमविरोधी कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या आसपास गॅस स्टेशनवर पैसे द्यायला रांगेत उभं राहिलं की लॉटरीची तिकिटं, लायटर आणि एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांशेजारी हिरव्या भुकटीच्या पुड्या टांगलेल्या दिसतात. त्यावर ‘क्रेटम’ लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा एखादं पानही छापलेलं असतं. गाडी घेऊन तासाभर उत्तरेला विस्कॉन्सिनात गेलात किंवा तेवढ्याच वेळात पूर्वेला इंडियानात शिरलात, तर तीच पुडी खिशात असणं गुन्हा ठरतो. हे कसं काय, असा प्रश्न मराठी मंडळींच्या गप्पांत अधूनमधून निघतो, आणि उत्तरं ऐकीव असतात. म्हणून हे पान. माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे. राज्यांचे कायदे दर अधिवेशनात बदलतात, तेव्हा तुमच्या राज्याचं आजचं कलम स्वतः उघडून बघा.

क्रेटम म्हणजे नक्की काय?

आग्नेय आशियातलं एक झाड. शास्त्रीय नाव मिट्राजायना स्पेसिओसा, कूळ कॉफीचं. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी हा त्याचा मुलूख. दक्षिण थायलंडातले शेतमजूर आणि रबराच्या मळ्यातले कामगार त्याची ताजी पानं पिढ्यान्‌पिढ्या चघळत आले आहेत. आपल्याकडे तंबाखूचा बार भरून माणूस कामाला लागतो, त्यातलाच प्रकार. मलेशियात त्याला ‘केतुम’ म्हणतात आणि पानं उकळून रस पितात. अमेरिकेत मिळतो तो माल बहुतांशी इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमांतानमधून येतो. वाळवलेल्या पानाची भुकटी सुटी किंवा कॅप्सूलमध्ये विकतात. शिवाय अलीकडे अर्क, गोळ्या आणि छोट्या बाटल्यांतले ‘शॉट’ निघाले आहेत. भुकटी आणि अर्क हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच अडतं.

आपल्या कळंबाशी याचं नातं आहे का?

आहे, पण लांबचं. महाराष्ट्राच्या पानझडी जंगलांत ज्याला कळंब म्हणतात, तो मिट्राजायना पार्विफोलिया याच प्रजातीतला आहे. फुलांचे गोल गेंद पाहिलेत तर भावकी पटेल. मात्र क्रेटमचा गुण ज्या रसायनामुळे आहे, ते मिट्राजायनिन म्हणजे कळंबाची ओळख नव्हे. गावाकडे कळंबाचा पाला तोडायला कोणी निघालंच, तर त्याला वेळीच थांबवा.

ते घेतल्यावर होतं काय, आणि लोक घेतात कशासाठी?

थोड्या मात्रेत तरतरी येते, जास्त घेतलं की गुंगी येते आणि वेदना कमी भासतात. मिट्राजायनिन मेंदूतल्या त्याच ‘म्यू’ ग्राहकांवर बसतं जिथे अफू, मॉर्फीन बसतात, पण पूर्ण जोराने नाही, अर्धवट. अमेरिकेत जुनं दुखणं असलेले, नैराश्याने किंवा चिंतेने त्रासलेले आणि अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनातून स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडू पाहणारे लोक ते घेतात. फेडरल सरकारच्याच पाहणीनुसार २०२१ मध्ये १२ वर्षांवरच्या सुमारे १७ लाख लोकांनी क्रेटम घेतलं होतं. सवय लागते, आणि सोडताना अंगदुखी, झोप उडणं, चिडचिड हा त्रास होतो. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘वनस्पती आहे, काय होतंय’ हे आपलं आवडतं वाक्य इथे चालत नाही. अफूसुद्धा बोंडातूनच येते.

फेडरल बंदी नाही, मग एखादं राज्य आपल्यापुरती बंदी कशी घालतं?

अमेरिकेत अमली पदार्थांच्या याद्या दोन पातळ्यांवर चालतात. १९७० च्या फेडरल कायद्यात पाच ‘शेड्यूल’ आहेत. पहिल्यात सगळ्यात कडक माल: गैरवापराची मोठी शक्यता, मान्य वैद्यकीय उपयोग नाही आणि देखरेखीखालीही सुरक्षित नाही, अशी त्याची व्याख्या. त्याशिवाय प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा आणि स्वतःच्या याद्या असतात. बहुतेक राज्यांनी एकाच नमुन्यावरून कायदा बेतला, म्हणून याद्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण त्या एक नाहीत. फेडरल यादीत नसलेला पदार्थ राज्य आपल्या यादीत घालू शकतं.

भारतातून आलेल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा संसदेचा आणि देशभर एकच. राज्यं त्याखाली नियम करतात. दारूचं मात्र उलट. ती राज्यांच्या सूचीत, म्हणून गुजरातेत बंदी आणि दमणला दुकानं. क्रेटमचं अमेरिकेत जे चाललंय ते आपल्या दारूबंदीच्या नकाशासारखं आहे असं समजा, म्हणजे पटकन कळेल.

फेडरल सरकारने प्रयत्नच केला नाही का?

केला, आणि तोंडघशी पडलं. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी अमली पदार्थ विरोधी खात्याने, म्हणजे डीईएने, मिट्राजायनिन आणि ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन ही दोन रसायनं तातडीच्या अधिकारात पहिल्या शेड्यूलमध्ये टाकण्याचा इरादा जाहीर केला. या अधिकारात आधी जनतेचं म्हणणं मागवावं लागत नाही. पण क्रेटम घेणारे खवळले. एक लाखाहून जास्त सह्यांचं निवेदन व्हाइट हाउसकडे गेलं, वॉशिंग्टनमध्ये मोर्चा निघाला, आणि दोन्ही पक्षांच्या खासदारांनी पत्रं लिहिली. ऑक्टोबरमध्ये खात्याने इरादा मागे घेतला आणि लोकांचं म्हणणं मागवलं. तेवीस हजारांवर अभिप्राय आले. डीईएने तातडीचा निर्णय असा जाहीरपणे परत घेणं ही नेहमीची गोष्ट नव्हे.

पुढे २०१७ मध्ये आरोग्य खात्याने पहिल्या शेड्यूलची शिफारस पाठवली, आणि २०१८ मध्ये त्याच खात्याने पुरावा पुरेसा नाही म्हणून ती परत घेतली. हे पत्र बाहेर आलं २०२१ मध्ये. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही क्रेटमच्या सखोल आढाव्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. दरम्यान अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची भूमिका मात्र कडकच राहिली. क्रेटमला कोणत्याही आजारावर मान्यता नाही, ते पूरक आहार म्हणूनही कायदेशीर नाही, आणि आयात झालेला माल अडवून ठेवता येतो. म्हणजे बंदी नाही, पण परवानगीही नाही. या मधल्या फटीत राज्यांनी हात घातला.

राज्यात बंदी येते कोणत्या वाटेने?

वाटा तीन आहेत, आणि कोणत्या वाटेने आली यावर तिचा दर्जा ठरतो.

पहिली विधिमंडळाची. आमदार विधेयक मांडतो, समितीत सुनावणी होते, दोन्ही सभागृहांत मतदान होतं, गव्हर्नर सही करतो. अलाबामाने मे २०१६ मध्ये असं केलं. लुइझियानाने २०२५ मध्ये, आणि तिथे १ ऑगस्टपासून बंदी लागू झाली.

दुसरी खात्याची. कायद्यानेच आरोग्य विभागाला किंवा औषधनिर्माण मंडळाला यादीत भर घालण्याचा अधिकार दिलेला असतो. आर्कान्सा आणि व्हरमाँटमध्ये २०१६ साली बंदी आली ती आरोग्य विभागाच्या नियमाने. सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही. सामान्य माणसाला कळतं ते दुकानातून पुड्या नाहीशा झाल्यावर.

तिसरी तातडीच्या आदेशाची. फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने ऑगस्ट २०२५ मध्ये तीव्र केलेलं ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन एका फटक्यात पहिल्या शेड्यूलमध्ये टाकलं. असा आदेश तात्पुरता असतो, पुढे विधिमंडळाने तो पक्का करायचा असतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बातम्यांत येत नाही. खात्याला यादीत भर घालायची असेल तर फेडरल कायद्यातले आठ निकष, किंवा त्यांच्यासारखेच राज्याचे निकष, तपासावे लागतात: गैरवापराचा इतिहास, औषधी परिणामांचा पुरावा, सार्वजनिक आरोग्याला धोका, अवलंबित्व वगैरे. विधिमंडळावर तसं बंधन नाही. आमदारांना बहुमत पुरतं. एखाद्या तरुणाच्या मृत्यूनंतर आईवडील समितीपुढे बोलतात, सगळ्यांचे डोळे ओले होतात, आणि त्याच आठवड्यात विधेयक पुढे सरकतं. त्या आईवडिलांच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण दुःख हा निकष त्या आठांमध्ये नाही, हेही खरं.

कायद्यात झाडाचं नाव असतं की रसायनाचं? आणि त्याने फरक काय पडतो?

सगळा फरक इथेच पडतो. कोणतंही विधेयक हातात आलं की मी आधी शिक्षेचं कलम बघत नाही, व्याख्येचं बघतो.

टेनेसीचं उदाहरण घ्या. तिथल्या कायद्याने क्रेटममधल्या रसायनांवर बंदी घातली, पण ती कायद्याच्या कृत्रिम मालाविषयीच्या भागात. पोलिसांनी दुकानांतून साधी भुकटी उचलली. मग प्रश्न आला: पानात मुळातच असलेलं रसायन ‘कृत्रिम’ कसं? डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने मत दिलं की नैसर्गिक रूपातलं क्रेटम या बंदीत येत नाही. २०१८ मध्ये कायदाच बदलला आणि २१ वर्षांवरच्यांना नैसर्गिक क्रेटम मोकळं झालं. इंडियाना आणि विस्कॉन्सिनात मात्र रसायनाचं नाव यादीत बसलं ते बसलंच. झाडाने स्वतः तयार केलेलं द्रव्य इंडियानाच्या कायद्यात ‘सिंथेटिक ड्रग’ या व्याख्येत आहे! वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी वाचलं तर खडू फेकून मारतील.

ही चूक नवी नाही. क्रेटमच्या आधी साल्व्हिया डिव्हिनोरम नावाच्या मेक्सिकन वनस्पतीवरून असाच धुरळा उडाला होता. ओआहाकातल्या माझातेक लोकांच्या विधींतली ही पानं इंटरनेटवर विकली जाऊ लागली. २००५ मध्ये लुइझियानाने बंदी घातली ती एकट्या साल्व्हियावर नाही, वनस्पतींची लांबलचक यादीच करून. पण त्या कायद्यात एक शहाणपण होतं: माणसाने खाण्यापिण्यासाठी असेल तर गुन्हा, शोभेसाठी अंगणात लावली असेल तर नाही. पाठोपाठ इतर राज्यांनी आपापले कायदे केले आणि प्रत्येकाची शब्दरचना वेगळी झाली. कॅन्ससने तर साल्व्हियासोबत धोत्र्याची एक जात, दातुरा स्ट्रामोनियम, थेट बंदीच्या यादीत घातली. आपल्याकडे महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात त्याच्या सख्ख्या भावकीतली ही वनस्पती तिथल्या शेतांच्या बांधावर तणासारखी उगवते. फेडरल यादीत साल्व्हिया अजूनही नाही.

आणि आपलं काय? भांग घ्या. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘कॅनबिस’ची व्याख्या फुलोऱ्याचे शेंडे अशी केली आणि शेंड्यांशिवायची नुसती पानं व बिया वगळल्या. एनडीपीएस कायद्याने तीच व्याख्या उचलली. म्हणून गांजा आणि चरस गुन्हा, पण पानांची भांग त्या कायद्याबाहेर. महाराष्ट्रात तिच्यासाठी दारूबंदी कायद्याखालचा परवाना लागतो तो वेगळा. एकाच झाडाचा कुठला भाग लिहिला यावर होळीची थंडाई आणि दहा वर्षांची सक्तमजुरी यांतलं अंतर ठरतं.

खसखशीचंही तेच. भारतीय आणि अमेरिकन दोन्ही कायद्यांनी अफूच्या झाडाचे इतर भाग पकडले आणि बी सोडलं, म्हणून अनारशावर खसखस आहे. दुबईला जाताना मात्र तीच खसखस सामानात नेऊ नका असं सांगावं लागतं, कारण तिथल्या कायद्याने बी सोडलेलं नाही.

सध्या बंदी कुठे आहे?

अलाबामा, आर्कान्सा, इंडियाना, व्हरमाँट, विस्कॉन्सिन आणि २०२५ पासून लुइझियाना. ऱ्होड आयलंडने २०१७ मध्ये बंदी घातली होती आणि ते उलट दिशेने निघालं. २०२४ मध्ये मंजूर झालेलं विधेयक गव्हर्नरने नाकारलं, २०२५ मध्ये पुन्हा आलं आणि १ एप्रिल २०२६ पासून परवाना, कर आणि वयाच्या अटीसह विक्री खुली करण्याचा कायदा झाला. बंदी घालून मग ती सोडवणारी राज्यं फार नाहीत, म्हणून याकडे बाकीच्यांचं लक्ष आहे.

शिवाय शहरं आणि काउंट्या. कॅलिफोर्नियात राज्याची बंदी नसताना सॅन डिएगो शहराने २०१६ मध्ये बंदी घातली. इलिनॉयमध्ये १८ वर्षांवरच्यांना विक्री चालते, पण मिसिसिपीच्या काठचं ऑल्टन शहर ती चालू देत नाही. मिसिसिपी राज्यात तर कितीतरी काउंट्यांचे स्वतंत्र ठराव आहेत. राज्याचं नाव बघून भागत नाही.

जिथे बंदी नाही तिथे मोकळं रान आहे का?

काही ठिकाणी हो, काही ठिकाणी नाही. २०१९ मध्ये युटाने वेगळी वाट काढली: ग्राहक संरक्षण कायदा. त्याच वर्षी जॉर्जिया, ॲरिझोना आणि नेवाडा त्याच वाटेने गेले, नंतर ओक्लाहोमा, टेक्सस आणि इतर बरेच. साधारण सूत्र असं: अल्पवयीनांना विक्री नाही, भेसळ नाही, कृत्रिम रसायन नाही, डब्यावर घटक स्पष्ट लिहायचे, आणि एकूण अल्कलॉइडमध्ये, म्हणजे पानातल्या गुणकारी रसायनांमध्ये, ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिनचं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. जॉर्जियाने हा कायदा आणखी आवळून १ जानेवारी २०२५ पासून वय २१ केलं.

मला स्वतःला ही वाट जास्त पटते, आणि कारण अगदी बाजारू आहे. २०१८ मध्ये क्रेटममधून साल्मोनेला हे जंतू पसरून ४१ राज्यांत १९९ लोक आजारी पडले होते. ते क्रेटमच्या गुणामुळे नव्हे, घाणेरड्या भुकटीमुळे. एका कंपनीने माल परत बोलवायला नकार दिला तेव्हा एफडीएला सक्तीचा आदेश काढावा लागला, आणि या कारणासाठी असा आदेश ती पहिल्यांदाच काढत होती. जिथे बंदी आहे तिथे भुकटी तपासणार कोण? दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं: कायद्यात ‘ग्राहक संरक्षण’ लिहिलं तरी तपासनीस आणि प्रयोगशाळेचे पैसे मंजूर केले नाहीत तर तो कागदच राहतो. अशा कायद्यांसाठी जोर लावणाऱ्या संघटनांमागे विक्रेत्यांचा पैसा असतो, हेही विसरू नये.

हे ‘सेव्हन-ओएच’ काय आहे?

७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिनचं बाजारातलं नाव. पानात ते नगण्य असतं. मिट्राजायनिनवर रासायनिक प्रक्रिया करून ते वेगळं तयार करतात आणि चघळायच्या गोळ्या, गमी, शॉट म्हणून विकतात. प्रयोगांत ते मॉर्फीनपेक्षा कित्येक पट जोरदार आढळलं आहे. २९ जुलै २०२५ रोजी एफडीएने ते फेडरल यादीत टाकण्याची शिफारस केली, आणि आपला रोख नैसर्गिक पानावर नाही हेही सोबत सांगितलं. पानाची भुकटी विकणारे आणि सेव्हन-ओएच विकणारे आता एकमेकांचे हाडवैरी झाले आहेत. उसाचा रस विकणाऱ्याला हातभट्टीवाल्यासोबत एकाच गाडीत घातलं तर तो जसा ओरडेल, तसे भुकटीवाले ओरडतात. उपमा थोडी त्यांच्या बाजूची झाली, कारण रसाने सवय लागत नाही.

क्रेटमने माणसं खरंच मरतात का?

आकडे नीट वाचायचे. रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळातले २७ राज्यांमधले अतिमात्रेचे २७,३३८ मृत्यू तपासले. १५२ जणांच्या शरीरात क्रेटम सापडलं. त्यांपैकी ९१ जणांच्या मृत्यूचं एक कारण म्हणून क्रेटमची नोंद झाली. तपासणीत क्रेटमशिवाय दुसरं काहीच सापडलं नाही असे फक्त ७, आणि त्यांच्यातही न तपासलेला दुसरा पदार्थ असण्याची शक्यता अहवालाने खुली ठेवली. १५२ पैकी सुमारे ६५ टक्के जणांच्या मृत्यूच्या कारणांत फेंटानिल, म्हणजे अफूसारखंच पण फार जोरदार कृत्रिम औषध, होतं.

बंदीवाले ९१ सांगतात, विरोधक ७ सांगतात. दोघेही खोटं बोलत नाहीत. झोपेच्या गोळ्या, दारू किंवा दुसऱ्या अफूजन्य औषधाबरोबर घेतलेलं क्रेटम ही वेगळीच चीज आहे, आणि खऱ्या आयुष्यात ते बहुधा तसंच घेतलं जातं.

शिकागोहून वीकएंडला गाडीने निघालो आणि डॅशबोर्डमध्ये पुडी राहिली तर?

सीमा ओलांडल्याक्षणी तुम्ही त्या राज्याच्या कायद्याखाली. ‘आमच्याकडे दुकानात मिळतं, पावती आहे’ हा बचाव नाही. लेक जिनीव्हा विस्कॉन्सिनात आहे आणि इंडियाना ड्यून्सच्या नावातच राज्य आहे. अटलांटाहून आय-२० ने बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्यांचंही तेच. अलाबामात पहिल्या शेड्यूलचा पदार्थ जवळ बाळगणं फेलनी आहे, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या वर्गात, वर्षाहून जास्त कैदेची तरतूद असलेला. पुडी तुमची नसेल, पुतण्याच्या मित्राची असेल, तरी गाडी तुमची आहे.

एफ-१ किंवा एच-१बी वर आहे. राज्याच्या कायद्याखाली दोषी ठरलो तर व्हिसा जाईल?

याचं उत्तर दिसतं तितकं सरळ नाही, आणि इथे वकिलाशिवाय पर्याय नाही. तरी एक निकाल माहीत असावा. मेल्लूली विरुद्ध लिंच, १ जून २०१५, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. मूळच्या ट्युनिशियाच्या एका ग्रीनकार्डधारकाला कॅन्ससमध्ये अटक झाली. त्याच्या मोज्यात चार गोळ्या सापडल्या, आणि शेवटी तो दोषी ठरला तो अमली पदार्थासाठी ‘साधन’ वापरल्याच्या किरकोळ गुन्ह्यात. साधन म्हणजे तो मोजा! त्यावरून त्याला देशाबाहेर काढलं. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की हद्दपारीसाठी गुन्ह्याचा संबंध फेडरल यादीतल्या पदार्थाशी जोडता आला पाहिजे. कॅन्ससच्या यादीत तेव्हा फेडरल यादीत नसलेले किमान नऊ पदार्थ होते. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, यादीत नाव कशाचं आहे.

क्रेटम फेडरल यादीत नाही, तेव्हा हा निकाल उपयोगी पडू शकतो. पण व्हिसाचं नूतनीकरण, विमानतळावरची चौकशी, अटकेचीच नोंद, या गोष्टी न्यायालयाच्या तर्काने चालत नाहीत. सेव्हन-ओएच फेडरल यादीत गेलं तर चित्र आणखी बदलेल. गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं व्हा असा सल्ला फौजदारी वकील सवयीने देतात. त्यावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

ऑनलाइन मागवलं तर?

बरेच विक्रेते बंदीच्या राज्यांत पाठवत नाहीत. एखाद्याने पाठवलं तर माल ताब्यात घेणारे तुम्ही.

आमचं दुकान आहे. राज्यात विधेयक आलंय. काय करायचं?

तीन तारखा वहीत लिहा: सही झाली ती, कायदा लागू होणार ती, आणि साठा संपवायला मुदत दिली असेल तर ती. अनेक कायद्यांत तिसरी तारीख नसते. त्या रात्री बाराला शेल्फवर उरलेला माल म्हणजे विक्रीसाठी बाळगलेला अमली पदार्थ. ‘उरलेला भावाच्या दुकानात शेजारच्या राज्यात पाठवू’ म्हणण्याआधी तिथलं लेबल आणि चाचणीचे नियम बघा. पुरवठादार नेहमी सांगतो, ‘काही होत नाही, सगळे ठेवतात.’ परवाना त्याच्या नावावर नसतो.

नोकरीच्या ड्रग टेस्टमध्ये दिसतं का?

नेहमीच्या तपासणीत सहसा नाही. मुद्दाम मिट्राजायनिन शोधणारी तपासणी केली तर दिसतं.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. गुडघेदुखीवर शेजाऱ्याने ‘हर्बल’ म्हणून क्रेटम सुचवलंय.

नको. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवून सांगतो. मिट्राजायनिन यकृतातल्या सीवायपी२डी६ नावाच्या विकराला अडवतं. बऱ्याच आजीआजोबांच्या डबीत असणारी मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी त्याच विकराने पचते. ती पचली नाही तर शरीरात साठते, नाडी मंदावते, चक्कर येते. वर झोपेची गोळी असेल तर आणखीच अवघड. आणि बाबा डॉक्टरांना सांगताना ‘काही नाही हो, एक पाला आहे’ एवढंच सांगणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

भारतात जाताना नेलं तर?

नेऊ नका. वाटेत सिंगापूर असेल तर मुळीच नाही. तिथे मिट्राजायनिन अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि तिथला कायदा विनोद समजत नाही.

जिथलं झाड, त्या थायलंडात काय स्थिती आहे?

थायलंडनेच सगळ्यात आधी बंदी घातली, १९४३ मध्ये. त्यामागचं कारण आरोग्यापेक्षा तिजोरीचं होतं असं बरेच अभ्यासक मानतात. अफूवर सरकारला कर मिळत होता, आणि लोक महागडी अफू सोडून परसातलं फुकटचं पान चघळू लागले होते. झाडं तोडण्याच्या मोहिमा झाल्या. जवळपास ऐंशी वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, थायलंडने क्रेटम अमली पदार्थांच्या यादीतून काढलं आणि हजारो लोकांवरची प्रकरणं निकालात निघाली. मलेशियात आजही ते विषविषयक कायद्याखाली आहे.

आम्ही नागरिक नाही. विधेयकावर बोलता येतं का?

येतं. समितीच्या सुनावणीत साक्ष द्यायला किंवा लेखी म्हणणं पाठवायला नागरिकत्व लागत नाही. राज्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की मसुदा, दुरुस्त्या आणि सुनावणीची वेळ दिसते. नाव आधी नोंदवावं लागतं, बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटं मिळतात आणि समोर घड्याळ उलटं चालत असतं. बंदीच्या बाजूने जा नाहीतर विरोधात, पण त्या दोन मिनिटांत व्याख्येच्या कलमातली ओळ वाचून दाखवा आणि विचारा: यात पान येतं का, भुकटी येते का, अर्क येतो का, अंगणातलं झाड येतं का? आमदारांपैकी निम्म्यांनी ते कलम तेव्हाच पहिल्यांदा उघडलेलं असतं.